साधा खेळाडू असूनही बोलिंगच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये नाव कसं येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या तुमच्या शेजारच्या काकांची सरासरी डावाला ३०० पैकी जेमतेम १६०, पण चाळीस वर्षं संघटनेत बिनपगारी काम केलं म्हणून तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. त्यांनी नेमकं केलं काय?

(क्रिकेट डोक्यातून काढा, हे दहा पिनांचं बोलिंग.) राष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये आणि बऱ्याच स्थानिक संघटनांमध्ये 'मेरिटोरियस सर्व्हिस' (उल्लेखनीय सेवा) असा वेगळा विभाग असतो. काकांची निवड त्यातलीच असणार.

दोन गावांतल्या २०० गुणांची किंमत सारखी धरायची तर दोन्हीकडच्या लेन (चेंडू जिच्यावरून सोडतात ती पट्टी) सारख्या हव्यात. फाउल लाइनपासून (चेंडू टाकताना जी ओलांडायची नाही ती रेघ) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, रुंदी ४१ ते ४२ इंच, शेजारशेजारच्या पिनांच्या मध्यांत १२ इंच. राष्ट्रीय संस्था यूएसबीसीच्या प्रमाणपत्रासाठी ही तपासणी दरवर्षी लागते आणि ती बहुतेक ठिकाणी स्थानिक स्वयंसेवक गुडघ्यांवर बसून करत आले आहेत.

लांबी-रुंदीचं काम टेपने उरकतं. वेळ खातो तो आडवा उतार. मुभा फक्त ४० थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे मीटरभर रुंदीत सुमारे १ मिमी. आधी लेनवर मुद्दाम लावलेलं तेल पुसायचं. पाणसळ आडवी ठेवायची, बुडबुडा मध्यावर नसेल तर खालच्या टोकाखाली फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पातळ धातुपट्ट्यांचं मोजमापाचं साधन) पाती सरकवत जायची. बुडबुडा मध्यावर आला की पात्यांची जाडी मोजायची, तोच उतार. मग पाणसळ टोकं उलटी करून पुन्हा मोजायचं. दोन आकडे जुळले नाहीत तर दोष लेनचा नाही, पाणसळीचा. नवखे हे उलटं करणं टाळतात आणि चांगली लेन नापास करून बसतात. हेच लेनभर ठरावीक अंतरांवर, मग पुढची लेन.

उतार येतो कुठून? लाकूड दमटपणाने फुगतं, जुन्या लाकडावर बसवलेल्या सिंथेटिक पॅनेलचे स्क्रू ढिले होतात, पाया खचतो. चेंडूचा वेग उतरतो तिथे तो खालच्या बाजूला ओढला जातो, आणि खेळाडू मनगटाला दोष देत राहतो.

तेलाचंही तसंच, तेही नियमात बसावं लागतं. १ जुलै १९८२ ला कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा इथे ग्लेन ॲलिसनने सलग ३६ स्ट्राइक (पहिल्याच चेंडूत दहाही पिन पाडणं) मारून तीन डावांत ९०० केले. तपासणीत लेनची स्थिती नियमात बसेना, म्हणून तेव्हाच्या एबीसी (अमेरिकन बोलिंग काँग्रेस) या राष्ट्रीय संस्थेने ते मानले नाहीत. मान्यता मिळालेले पहिले ९०० जेरेमी सोननफेल्डचे, १९९७ मधले. ॲलिसनबद्दल हळहळ मलाही वाटते, पण माझ्या मते नियम लावणाऱ्यांपुढे दुसरा रस्ता नव्हता.

दुसरं काम लीगच्या (दर आठवड्याला चालणाऱ्या हंगामी स्पर्धेच्या) सेक्रेटरीचं. ९ डावांत १,५८७ पिन म्हणजे सरासरी १७६, अपूर्णांक सोडायचा. लीगचा हँडिकॅप (कमी सरासरीच्या खेळाडूला दर डावात मिळणारे जादा गुण) २२० आणि सरासरी यांतल्या फरकाच्या ९० टक्के असेल तर ४४ चे ३९.६, म्हणजे ३९. हिशेब सोपा, पण गैरहजर खेळाडूला दिलेले गुण चुकून त्याच्या सरासरीत धरले की हँडिकॅप पार बिघडतो. आणि हँडिकॅप वाढावा म्हणून मुद्दाम वाईट खेळणारे असतातच. त्यांना ओळखायला जुन्या हंगामांच्या सरासऱ्या जपून ठेवलेला माणूस लागतो.

मग पैसा. समजा ४८ खेळाडू, बक्षिसांसाठी आठवड्याला ८ डॉलर, ३२ आठवडे: १२,२८८ डॉलर हंगाम संपेपर्यंत खात्यात पडून राहतात. म्हणून जमा रक्कम आठवड्याच्या आत बँकेत भरायची, पैसे काढायला दोन सह्या, आणि खातं दर महिन्याला अध्यक्षाने स्वतः तपासायचं. घोळ होतो तो बहुधा 'आपलाच माणूस आहे' म्हणून हे शेवटचं सोडून दिल्यावर.

काहींची सेवा याहून मोठी. एबीसीचं सदस्यत्व १९५० पर्यंत फक्त गोऱ्यांना होतं. कृष्णवर्णीय खेळाडूंनी १९३९ मध्ये डेट्रॉइटला स्वतःची संघटना काढली. तिच्या उभारणीतले क्लीव्हलँडचे जे. एल्मर रीड १९७८ मध्ये त्याच एबीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले, याच सेवा विभागातून.

काकांच्या सन्मानपत्रावर कदाचित 'सेक्रेटरी, अमुक वर्षं' एवढंच असेल. पाणसळ उलटी करून बघायचात का, असं त्यांना सहज विचारा. मग तासभर वेळ काढून ठेवा.