गटात नव्यानं आलेल्या ताईला

पोरी, वाढीत मागं पडलेल्या लेकराच्या घरी पहिल्या भेटीत वही काढू नको. माझ्या पोरानं आठव्या महिन्यातही मान धरली नव्हती, तेव्हा येणारा जो तो कागद भरायचा; लेकराला कोणी उचललं नाही. तू आधी त्याला मांडीवर घे. मग माय आपोआप बोलते.

आजीला धरून राहा. माय वावरात गेली की लेकरू दिवसभर आजीजवळच असतं. म्हणून थेरपिस्टनं शिकवलेला व्यायाम आजीकडून करून घे, अंघोळीआधी तेल लावताना. आखडलेले पाय हळूहळू मोकळे करायचे, जोर बिलकूल नाही. आणि लेकराला आडवं ठेवून भरवू नका, हे पहिल्याच दिवशी सांग; घास श्वासनळीत जातो. टेकू देऊन बसवायचं, मान थोडी पुढं.

कापूस वेचणीत गटाची बैठक रात्री जेवणं झाल्यावर घे.

‘बापही उशिरानंच बोलला होता’ हे घरोघरी ऐकशील. वाद घालू नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, लेकरं तपासणारं सरकारी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांना दाखव. ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात; तिथं अशा लेकरांची नीट तपासणी आणि उपचार होतात. पहिल्या खेपेला तू सोबत जाच. निघण्याआधी फोन करून घे, नाहीतर एसटीचं भाडं जातं आणि रोजही बुडतो.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळं हालचालीवर ताबा नसणं), ऑटिझम किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र निघाल्यावर ‘निरामय’ या सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज भर. 1 लाखापर्यंतच्या विम्यात थेरपीचाही खर्च मिळतो. बिलं मात्र पहिल्या दिवसापासून पिशवीत जपून ठेवायला सांग.