उत्तर: दोन हजार गाणी सेव्ह आहेत, आठवत एकही नाही

तू लिहिलं आहेस की बार्शीहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलास, हे दुसरं वर्ष. होस्टेलवरची मुलं ज्या बँडची नावं घेतात त्यातलं एकही तू ऐकलेलं नसतं, म्हणून सहा महिने ॲप सुचवेल ते गाणं सेव्ह करत सुटला आहेस. आकडा दोन हजारांवर गेला. परवा कुणीतरी सहज विचारलं, 'सध्या काय ऐकतोस?' आणि तुला एकाही गाण्याची एक ओळ आठवेना. 'मला इंडी (मोठ्या कंपनीशिवाय स्वतःची गाणी करणाऱ्या बँडचं) संगीत कळतच नाही का?' असं शेवटी विचारलं आहेस.

वाचताना गलबलून आलं, कारण हे जसंच्या तसं माझं २०१२ साल आहे. (अरे-तुरे करते आहे, चालेल ना? मी तुझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी असेन.) आधीच सांगते, मी संगीतातली जाणकार नाही, वाजवता काही येत नाही, आणि माझा अनुभव पुण्यापुरता आहे. कुठलं ॲप, कुठले इअरफोन यात मी जात नाही, ते तुला माझ्याहून जास्त कळतं.

तेव्हा ॲपचा सुळसुळाट नव्हता. होस्टेलच्या लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) डीसी, म्हणजे एकमेकींच्या फाइल्स उतरवून घ्यायचं सॉफ्टवेअर चालायचं आणि सीनियरच्या हार्डडिस्क खोल्याखोल्यांतून फिरायच्या. मी मिरजेहून आलेली, आमच्या घरात नाट्यगीतं आणि रेडिओ. मुली कॅन्टीनमध्ये बँडची नावं घेऊन बोलायच्या आणि मी गप्प बसायची. मग मी एकदा तीन दिवसांत ८३ जीबी गाणी उतरवून घेतली. फोल्डर नीट लावले, अल्बमची चित्रं शोधून डकवली, सालं घातली. त्यात दोन रविवार गेले. ऐकलं किती? प्रत्येक गाण्याचे पहिले वीस-तीस सेकंद. नावं पाठ झाली, त्यामुळे कॅन्टीनमध्ये बोलता यायला लागलं, आणि मला वाटलं की झालं, आता आपल्याला कळतं.

आता मुद्द्याची गोष्ट, जिच्यासाठी हे एवढं लिहायला बसले.

२०१३ चा डिसेंबर. एका कॅफेच्या गच्चीवर पुण्यातल्याच चार मुलांचा बँड वाजवणार होता. मैत्रिणीने ओढत नेलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पन्नासेक माणसं, थंडी मजबूत. त्यांनी पाच गाणी म्हटली, तीन मराठी, दोन इंग्रजी. तिसऱ्या गाण्यात गिटार अचानक थांबायची आणि गाणारा मुलगा एकच ओळ अगदी हळू, जवळजवळ बोलल्यासारखी म्हणायचा. घरी फोन करून 'जेवलो' असं खोटं सांगण्याबद्दल ती ओळ होती. मेस बंद असलेल्या रविवारी मी आईला तेच सांगायचे. गच्चीवर मला रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी शेजारणीशी बोलायला लागले.

जिन्यापाशी एक टेबल होतं. त्यावर त्यांच्या सीडी. कव्हर ब्राऊन पेपरचं, हाताने कापलेलं, वर लाल शाईत कढीपत्त्याची डहाळी काढलेली, प्रत्येकावर थोडी वेगळी. किंमत १५० रुपये. माझ्याकडे दोनशे होते आणि रिक्षाने जायचं होतं. टेबलावरच्या मुलीला मी विचारलं, 'हे ऑनलाइन येणार आहे ना?' ती म्हणाली, 'हो, पुढच्या महिन्यात.' मी म्हटलं, 'मग तिथेच ऐकेन.' ती हसून 'नक्की ऐक' म्हणाली.

गाणी खरंच ऑनलाइन आली. मी लिंक सेव्ह केली. त्यानंतर चार वर्षांत ती पाचही गाणी सलग किती वेळा ऐकली असतील? एकदाही नाही. 'आहेतच की' म्हणून ती मागे पडत गेली आणि रोज नवीन काहीतरी येत राहिलं.

२०१७ मध्ये बँड मोडला. पुढच्या वर्षी वडील आजारी होते, मिरजेच्या हॉस्पिटलच्या बाकावर रात्र काढताना मला ते तिसरं गाणं फार हवंसं झालं. लिंक उघडली तर पान रिकामं. दुसऱ्या ॲपवर पाहिलं, तिथेही नाही. नंतर कळलं की गाणी ॲपवर चढवून देणाऱ्या मध्यस्थ सेवा असतात, त्यातल्या काहींची वार्षिक फी असते, ती भरली नाही की गाणी सगळीकडून उतरतात. बँडच मोडल्यावर फी कोण भरणार? मी त्या सेवेच्या मदत कक्षाला लिहिलं. उत्तर आलं, 'हा मजकूर उपलब्ध नाही, कृपया हक्कधारकाशी संपर्क साधा.' हक्कधारकाचा पत्ता मागितला तर गोपनीयतेचं कारण. पैसे भरून ती पाच गाणी परत चढवता येतील का, असं विचारलं. त्यालाही तेच उत्तर, शब्दही तेच. चार महिन्यांत पाच वेळा लिहिलं, दर वेळी नवा तक्रार क्रमांक आणि पहिल्यापासून सगळं परत सांगा. एकाही माणसाने माझं पत्र पूर्ण वाचलं असं आजही वाटत नाही. मला त्यांचा राग आहे. कायद्याने ते बरोबर असतील, पण गाणी सांभाळायचे पैसे घेणाऱ्या जागेत गाणं हरवल्याचं कुणालाच काही वाटू नये?

शेवटी ओळखीतून बँडमधल्या बास गिटारवाल्या मुलाचा नंबर मिळाला. तो कॅनडात. त्याचा लॅपटॉप गेला होता आणि मूळ रेकॉर्डिंग ज्या हार्डडिस्कवर होतं ती उघडत नव्हती. सीडी त्याच्याकडेही उरली नव्हती. माझ्याकडे त्या रात्रीचा फोनवरचा १ मिनिट ४० सेकंदांचा व्हिडिओ आहे. नेमकं तिसरं गाणं. त्यात गिटार थांबते, आणि त्या ओळीच्या जागी माझा आवाज आहे, मी शेजारणीला मेसच्या भाजीबद्दल काहीतरी सांगते आहे.

एकट्यादुकट्याचं हे नाही. जिथे बँड आपली गाणी चढवायचे त्या मायस्पेस या साइटने २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर हलवताना जुन्या फाइल्स गेल्या. तेव्हाच्या बातम्यांत सुमारे ५ कोटी गाण्यांचा अंदाज होता, आणि त्यात छोट्या बँडचीच गाणी जास्त असणार. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं आणि २०१३ मध्ये बंद केलं. ज्यांनी गाणी विकत घेऊन उतरवून ठेवली, त्यांच्याकडे ती राहिली.

म्हणून माझं ठाम मत, पटलं तर घे: आवडलेलं गाणं सेव्ह करू नकोस, विकत घे. सगळी नाही, महिन्याला एक अल्बम. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर कित्येक भारतीय बँड आहेत, पैसे दिले की फाइल कायमची तुझी. एरवी ते डिजिटल विक्रीतले १५ टक्के ठेवतात. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी तेही सोडतात, तेव्हा घेतलंस तर पेमेंटचा खर्च वगळून सगळं बँडला जातं. फक्त देशांतर्गत चालणारं डेबिट कार्ड तिथे चालत नाही. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतात, काम झालं की आठवणीने बंद कर. आणि फाइल दोन ठिकाणी ठेव. फुकट ऐकूही नकोस असं मी म्हणत नाही, मीही ऐकते. पण स्पॉटिफायवर २०२४ पासून ज्या गाण्याला वर्षभरात १,००० प्ले मिळत नाहीत त्याचा एक पैसाही बँडला जात नाही. तुझ्या कॉलेजातल्या पोरांच्या बँडची गाणी बहुधा त्यातच मोडतात.

आता 'कळत नाही' याबद्दल. मिरजेत आमच्या घरामागेच सतारमेकर गल्ली. तिथल्या एका चाचांना मी लहानपणी तंबोऱ्याची जवारी लावताना, म्हणजे तारेचा सूर भरदार घुमेल असं करताना तासन्तास पाहिलं आहे. घोडीवर (तार जिच्यावर टेकते त्या पट्टीवर) कानस एकदा, अगदी हलकी फिरवायची. तार चढवायची, छेडायची, सुताचा धागा तारेखाली केसभर पुढे सरकवायचा, परत छेडायची. मग डोळे मिटून तो एक सूर विरेपर्यंत थांबायचं. मी विचारलं, 'चाचा, तेच तेच काय ऐकता?' ते म्हणाले, 'बेटा, तेच कुठंय? दर वेळी वेगळं येतंय.' हे मला पंचविशीत कळलं, आणि कळलं तेव्हा पहिल्यांदा एक अल्बम आठवडाभर ऐकला.

तेच तू कर. आठवड्याला एकच अल्बम. शफल बंद, बँडने लावलेल्या क्रमाने, पहिल्या दोन वेळा हातात फोन न घेता. पहिल्यांदा कंटाळा येईल, येऊ दे. तिसऱ्या-चौथ्या वेळी बास काय करतोय ते आपोआप ऐकू यायला लागतं. एक साधी वही ठेव आणि तारीख घालून एक वाक्य लिही. 'छान' लिहायचं नाही, काय ऐकू आलं ते लिहायचं: 'दुसऱ्या कडव्यात ढोल येतो तेव्हा गाणं जड होतं.' माझ्या अशा पाच वह्या झाल्या आहेत आणि त्यांतलं जवळजवळ प्रत्येक गाणं मला आठवतं.

नवीन कसं सापडेल, तर एका गाण्याचं बोट धरून दुसऱ्यापर्यंत जा. श्रेयनामावली वाच. इंडियन ओशन या बँडचा २००० चा 'कंदिसा' अल्बम घे. त्यात नर्मदेवरचं 'मा रेवा' आहे. ते गाणाऱ्या राहुल राम यांनी नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलेलं. तिथून तू नर्मदाकाठच्या गाण्यांकडे जाशील. त्याच अल्बममधलं 'हिल्ले ले' गोरख पांडे या कवीचं, तिथून हिंदी कवितेकडे जाशील. इंग्रजी गाण्यांची धास्ती वाटत असेल तर पुण्याच्याच ईझी वाँडरलिंग्ज या बँडपासून सुरू कर, फार मऊ गाणी आहेत. आणि मराठीत ऐकायचं असेल तर मुंबईच्या स्वदेसी या रॅप गटाचं २०१९ चं 'द वारली रिव्हॉल्ट'. आरेच्या जंगलावरचं गाणं, त्यात आरेतले प्रकाश भोईर गायले आहेत. मी याहून लांब यादी मुद्दाम देत नाही. यादी दिली की तू सेव्ह करशील.

बार्शीचा आहेस म्हणून मागे आहेस, हे तर डोक्यातून काढूनच टाक. देशातल्या रॉकवाल्यांना एकमेकांशी जोडणारं 'रॉक स्ट्रीट जर्नल' मासिक अमित सैगल यांनी १९९३ मध्ये सुरू केलं ते अलाहाबादहून. वऱ्हाडी ठसक्यात रॅप करणारा सौरभ अभ्यंकर अमरावतीचा. नावं फेकणारी मुलं भेटली की त्यांना शांतपणे विचार, 'त्यात तुला काय आवडतं?' ज्याला सांगता येईल त्याच्याशी मैत्री कर, दुसऱ्याचा राग धरू नकोस. तोही माझ्यासारखाच फोल्डर लावत बसलेला असेल.

आणि प्रत्यक्ष ऐकायला जा. जाण्याआधी फोन करून वयाची अट विचार. बार असलेल्या जागी बऱ्याचदा २१ च्या आत सोडत नाहीत, दारातून परत यायला फार वाईट वाटतं. तोवर कॉलेजांचे फेस्ट आहेत, २१ जूनला संगीत दिनानिमित्त आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच भाषा-संस्कृतीच्या संस्थेत काय आहे ते बघ. परतीची सोय आधी ठरव, मित्राला सोबत घे. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, स्पीकरजवळ उभं राहायचं असेल तर घाल. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो इशारा समज. गाणं चालू असताना बोलू नकोस. रडू आलं तर येऊ दे.

एक विनंती, तुला नाही, इथल्या सगळ्यांनाच. त्या बँडचं नाव मी लिहीत नाही, त्यातल्या दोघांना ते नको आहे. पण डिसेंबर २०१३ मध्ये पुण्यात कुणी ब्राऊन पेपरच्या कव्हरची, लाल शाईत कढीपत्त्याची डहाळी काढलेली सीडी घेतली असेल, आणि ती अजून माळ्यावरच्या एखाद्या खोक्यात असेल, तर मला निरोप पाठवा. मी घ्यायला येईन, कुठेही असलात तरी.