आई-वडलांना घेऊन कॅनडात दूधधंदा करायचा म्हणताय, तर आधी आमच्या घरातलं ऐका

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बारामतीजवळ 22 एचएफ गाई, मुरघासाचं (मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचं) गणित बसलेलं, दोन पोरं शाळेत, वडील 71 चे, आई 67 ची, आणि आता सगळं विकून कॅनडात डेअरी टाकायची, आई-वडलांनाही सोबत आणायचं, जमेल का. गाई विकाव्यात का हेही विचारलंय, त्याचं शेवटी सांगते.

मी कराडकडची. 2005 ला ग्वेल्फ युनिव्हर्सिटीत जनावरांच्या आहारावर एमएस्सी करायला आले आणि 2009 ला इथल्या एका डच शेतकऱ्याच्या घरात सून म्हणून गेले, ऑन्टारिओत, ऑक्सफर्ड काउंटीत, वूडस्टॉकपासून गाडीनं वीस मिनिटं. डच म्हटलेलं सासऱ्यांना चालत नाही बरं का, ते नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या फ्रिसलंड प्रांतातले, त्यांची भाषा वेगळी, फ्रिजियन. तुमच्या एचएफमधला एफ तो हाच, होल्स्टीन फ्रिजियन. वडलांना ते लोक हाइट म्हणतात आणि आईला मेम, मीही तेच म्हणते, आणि माझी पोरं आजोबांना पाके आणि आजीला बेप्पे म्हणतात, फक्त कराडची ती आजी.

हाइट आणि मेम 1987 ला आले. डच लोक इथं त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत, 1947 ला वॉटरमन नावाच्या बोटीतून शेतकरी कुटुंबं भरून मॉन्ट्रियालला उतरली, ती महायुद्धानंतरची पहिली मोठी खेप, ते लोक आले ते दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करायला. आमचे वेगळे. युरोपात 1984 ला दुधावर कोटा आला, चाळीस गाईंचा गोठा वाढवायची सोय राहिली नाही, जमीन महाग, तेव्हा तिकडचं विकून इकडं जास्त जमीन घेऊन बसले. पन्नासच्या दशकात आलेली म्हातारी माणसं अजून ज्या पद्धतीचं डच बोलतात ते ऐकून हाइटना हसू येतं, म्हणतात माझी आजी असं बोलायची. (आपल्या अमेरिकेतल्या जुन्या मंडळींचं मराठी आठवतं का, तसंच.)

आता पैशाचं, ते पटकन सांगते कारण त्यातच तुमचा अर्धा प्लॅन बदलेल. तुम्हाला डेअरीत फॅटवर पैसे मिळतात ना, इथं तर फॅटवर परवानगीच मिळते. दिवसाला किती किलो बटरफॅट पाठवायचं याचा कोटा विकत घ्यावा लागतो आणि ऑन्टारिओत एका किलोची किंमत 24,000 डॉलरवर बांधलेली आहे. आमची एक गाय दिवसाला साधारण 1.4 किलो फॅट देते, म्हणजे एका गाईमागे नुसत्या कागदाचे 33,600 डॉलर, गाय वेगळी, गोठा वेगळा, जमीन वेगळी. 80 गाईंचा हिशोब करा, 26-27 लाख डॉलर होतात, रुपयात करूच नका. डेअरी फार्मर्स ऑफ ऑन्टारिओ या इथल्या दूध उत्पादकांच्या संघटनेची नवीन लोकांसाठी योजना आहे पण तिथं जागा थोड्याच आणि पोरं इथलीच, गोठ्यात वाढलेली, रांगेत उभी असतात. आणि शेती विकत घेतो मला पीआर (कायम राहायची परवानगी) द्या हा रस्ता पण नाही आता, इमिग्रेशनच्या सेल्फ-एम्प्लॉइड वर्गातून फार्म मॅनेजमेंट 2018 ला काढून टाकलंय. म्हणजे येणार असाल तर पहिली काही वर्षं कुणाच्या तरी गोठ्यावर हर्ड्समन, म्हणजे गाई सांभाळणारा पगारी माणूस, म्हणून यायचं. त्यात कमीपणा काही नाही, चांगल्या हर्ड्समनला इथं मान आहे, पण 22 गाईंचा मालक पहाटे पाचला दुसऱ्याच्या गाईंच्या धारा काढायला जातो हे तुमच्या वडलांना बघवेल का ते तुम्हीच ठरवा.

आई-वडलांचं कागदोपत्री असंय. कायमचं आणायचं तर स्पॉन्सरशिप, त्यात तुम्ही 20 वर्षं त्यांचा खर्च उचलायची हमी देता, पण नवीन नावं घेणं 2020 नंतर उघडलेलंच नाही, 2025 पर्यंत त्याच जुन्या यादीतल्यांना बोलावत राहिले. राहिला सुपर व्हिसा, म्हणजे आई-वडलांसाठीचा लांब मुदतीचा व्हिजिटर व्हिसा. त्यावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं, पण किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा स्वतःच्या पैशानं काढावा लागतो, ओहिप (ऑन्टारिओचा सरकारी आरोग्य विमा) त्यांना नाही, पेन्शनही नाही (ती 65 नंतर आणि इथं 10 वर्षं राहिलेल्यालाच, पूर्ण पाहिजे तर 40 वर्षं). वडलांना शुगर-बीपी असेल तर विम्याचा आकडा आधी मागवा, तिकीट नंतर.

हे सगळं तुम्हाला कुठलाही एजंट सांगेल. मला खरं सांगायचंय ते मेमचं.

मेम आता 78 ची आहे. पाचेक वर्षांपूर्वी विसरायला लागली, आधी चष्मा, मग गॅस, मग एकदा गाडी घेऊन इंगरसॉलला चर्चला निघाली आणि भलत्याच गावातून फोन आला. डॉक्टरनी लायसन्सवाल्यांना कळवलं, इथं त्यांना कळवावंच लागतं, आणि गाडी बंद झाली. शेतावर गाडी बंद म्हणजे काय ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही हो, शेजारचं घर एक किलोमीटरवर, एसटी नाही, वडाप नाही, पार नाही, देवळाच्या ओट्यावर बसलेली माणसं नाहीत. जानेवारीत उणे 20, दारात बर्फ. हाइट 81 चे आहेत, 80 नंतर दर दोन वर्षांनी डोळे तपासून, वर्गात बसून, घड्याळाचं चित्र काढून लायसन्स नवीन करावं लागतं, ते पास झाले तेव्हा घरी केक आणला होता, खोटं नाही सांगत. पोरगा पदवीधर झाला तेव्हा आणला नव्हता.

आणि मग मेमचं इंग्लिश गेलं. पस्तीस वर्षं ती इंग्लिश बोलली, दूध टँकरवाल्याशी, शाळेत, बँकेत, आणि एका हिवाळ्यात ते सगळं असं गळून गेलं की काही उरलंच नाही, राहिली फक्त फ्रिजियन. आमच्याकडं आठवड्यातून काही तास सरकारकडून मदतनीस बाई येते, पीएसडब्ल्यू म्हणतात, फार चांगली आहे, फिलिपिन्सची, पण मेम तिच्याशी फ्रिजियन बोलते आणि ती मेमशी इंग्लिश, आणि दोघी एकमेकींकडं बघून हसतात. दुखतंय कुठं हे विचारायला मला किंवा नवऱ्याला गोठ्यातून यावं लागतं. वृद्धाश्रमाच्या यादीत नाव घातलंय, नंबर कधी लागेल कुणी सांगत नाही, आणि लागला तरी तिथं फ्रिजियन कुणाला येणार. रोज चारच्या सुमाराला ती उठते, दार धरते, आणि म्हणते मेल्के, मेल्के, म्हणजे धारांची वेळ झाली. दुधाचं काम 2016 पासून रोबोट करतात, पण तिला ते ठाऊक नाही. मी सुरुवातीला समजावत बसायचे, आता तिला कोट घालते, हात धरून वासरांकडं नेते, बाटली हातात देते. दहा मिनिटात शांत होते.

म्हणून विचारते, तुमच्या आईला किती इंग्लिश येतं? आज काही नाही येत ना. मग म्हातारपणी नर्सशी, डॉक्टरशी ती कशात बोलणार, आणि तुम्ही दोघं कामावर असताना तिच्याशी दिवसभर कोण बोलणार? टोरंटोकडं, ब्रॅम्प्टन-मिसिसागाला आपली माणसं आहेत, गणपती आहे, मंडळ आहे, पण गाई तिकडं नाहीत दादा, गाई इकडं आहेत.

डच लोकांचं एक शिकण्यासारखं आहे, ते बोलून टाकतात. 2012 ला हाइटनी कॉफीच्या वेळेला (दहाला कॉफी, सोबत एकच बिस्कीट आणि लगेच डबा बंद, माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तो डबा बघतच राहिली) चारी पोरांना बसवलं आणि सांगितलं की गोठा एकालाच जाणार, फुकट नाही, तो विकत घेणार, हप्त्यांनी, आणि त्या हप्त्यांवर आम्ही म्हातारे जगणार. मला धक्काच बसला, आमच्याकडं सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावं चढतात आणि भांडण वीस वर्षं चालतं. बापानं पोराला जमीन विकायची? पण आता बघते, कुणी कुणाचं मिंधं नाही. अर्थात बाकीचे तिघं हप्त्यात नाहीत तसे मेमच्या रात्रीतही नाहीत, एक नणंद आल्बर्टात नर्स आहे ती फोनवर सल्ले देते. सल्ले चांगले असतात.

आणि अजून एक. हाइट स्वतः 1987 ला आपल्या आईला मागं ठेवून आले, 67 वर्षांची विधवा बाई. 1986 च्या फेब्रुवारीत ते तिकडच्या गोठलेल्या कालव्यांवरून एल्फस्टेडनटोख्त नावाची अकरा गावांची दोनशे किलोमीटरची स्केटिंग करून आले होते, त्याचा छोटा क्रॉस अजून कपाटात आहे, आणि रात्री शेवटच्या टप्प्याला आई कंदील घेऊन उभी होती म्हणतात. पुढच्या वर्षी निघून आले. दर रविवारी फोन, निळ्या पातळ कागदावर पत्रं. 1998 ला ती गेली तेव्हा मे महिना होता, मका पेरायचा चालला होता, गाई कुणावर सोडायच्या, चार दिवस जाऊन आले. एकदा वासरांना दूध पाजताना मी विचारलं, आणायचं नव्हतं का तिला इकडं? ते म्हणाले, आम्ही तिला विचारलंच नाही. आम्ही धरून चाललो की ती नाही म्हणेल.

माझे वडील 2019 ला गेले, मी तिसऱ्या दिवशी पोचले. आई भावाकडं कराडला आहे, सुपर व्हिसा काढलाय, उन्हाळ्यात येते, सप्टेंबर लागला की परतीचं तिकीट विचारते. तिला इथं आवडतं. राहायचं नाही.

तेव्हा असं करा. तुम्ही एकटे वर्क परमिटवर या, एक पूर्ण हिवाळा काढा. मग आई-वडलांना साध्या व्हिजिटर व्हिसावर आणा, आणि फेब्रुवारीत आणा, जुलैत नको, जुलैत कुणालाही कॅनडा आवडतो. दोन महिने शेतावर ठेवा, तुमच्या ड्युटीच्या वेळा पाळून, सुट्ट्या काढून फिरवू नका. नुसतं आणून दावणीला बांधल्यासारखं होतंय का ते त्यांनाच कळेल. मग विचारा. दोघांना वेगवेगळं विचारा, वडील आईच्या वतीनं उत्तर देतात.

गाई पहिल्या वर्षी विकू नका. भावाला अर्धलीनं द्या, नाहीतर गडी ठेवा, फारच झालं तर दुभत्या पाच-सहा काढा. कालवडी मात्र अजिबात काढू नका, दोन वर्षांनी परत यायचं ठरलं तर त्यांच्यावरच गोठा उभा राहील, आणि वडलांनाही तोवर सकाळी उठून जायला काहीतरी राहील.