हालचाल कमी वाटली, एनएसटी चांगली आली, तरी डॉक्टर कळा आणू म्हणतायत... हो म्हणायचं का?

नववा महिना लागला की हा प्रश्न मला हमखास येतो. हालचाल कमी वाटली म्हणून दाखवायला गेलो, एनएसटी (मशीनवर बाळाच्या ठोक्यांची तपासणी) चांगली आली, तरी डॉक्टर म्हणतायत अ‍ॅडमिट व्हा, इंड्यूस करू म्हणजे औषधाने कळा आणू, मग सगळं चांगलंय तर घाई कशाला? आणि त्याच्या मागे दुसरा प्रश्न असतो, बिलासाठी तर नाही ना हे सगळं? कुणी स्पष्ट विचारतं, कुणी आडून. हा संशय अगदी हवेतून आलेला नाहीये बरं का, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७ टक्क्यांच्या वर बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात आणि सरकारी दवाखान्यांत साधारण १४ टक्के. लोक संशय घेणारच.

स्नेहलची गोष्ट सांगते (नाव बदललंय). पुण्यातली, पहिलंच बाळंतपण, अडतीस आठवडे भरून वर चार दिवस झालेले. सकाळपासून बाळ गप्प वाटत होतं, नाश्ता करून डाव्या कुशीवर दोन तास पडली तरी नेहमीसारखं काही जाणवेना, म्हणून दवाखान्यात गेली. एनएसटी ठीक, पाणी ठीक, वजन अंदाजे अडीच किलो. डॉक्टर म्हणाल्या, माझ्या मते कळा सुरू करूया, पण थांबायचं असेल तर परवा परत एनएसटीला या, मधे काही वाटलं तर लगेच. म्हणजे निर्णय हिच्यावर आला. आई म्हणे शेवटी शेवटी बाळाला जागाच कुठे असते, हालचाल कमी होणारच. सासूबाई म्हणे पौर्णिमा चार दिवसांवर आलीये, आपोआप येतील कळा. नवरा मोबाईलवर वाचून वाचून आणखीच घाबरलेला. तिथूनच, दवाखान्याच्या पॅसेजमधून तिने मला फोन केला, "ताई काय करू सांगा ना".

आईंचं म्हणणं आधी बघू कारण ते घराघरात ऐकू येतं. दिवस भरत आले की हालचालीची जात बदलते, लाथांऐवजी सरकणं, वळणं, ताणणं जास्त जाणवतं हे खरं, पण हालचाल कमी होत नाही, कळा सुरू होईपर्यंत ती असतेच. बाळ झोपतं, पण एकावेळी वीस ते चाळीस मिनिटं, क्वचित दीड तास. ऑनलाइन ठोके ऐकायचं मशीन मिळतं त्यावरही विसंबू नका, ठोके आहेत याचा अर्थ बाळ मजेत आहे असा होत नाही.

मी स्नेहलला एकच विचारलं, ही पहिलीच वेळ का गं? ती गप्प. मग म्हणाली, मागच्या आठवड्यात पण एकदा झालं होतं ताई, ज्यूस प्यायले आणि झोपून गेले, सकाळी हललं थोडं. कुणाला सांगितलं? कुणालाच नाही, सांगितलं असतं तर लगेच सिझरच केलं असतं ना त्यांनी.

हेच मला सगळ्यात जास्त खटकतं. तपासायला जायचं का आणि कळा आणायच्या का हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि आपल्याकडे दुसऱ्याच्या भीतीने पहिला लांबवला जातो. पहिल्यात चर्चा नाही, हालचाल कमी वाटली की त्याच दिवशी जायचं, रात्र असेल तर रात्री. दुसऱ्यात भरपूर प्रश्न विचारा, तो हक्कच आहे तुमचा. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ३३ हॉस्पिटलांत चार लाखांवर गरोदरपणांचा अ‍ॅफर्म नावाचा अभ्यास झाला, २०१८ साली लॅन्सेटमध्ये आला, त्यात बायकांना हालचालीबद्दल जागरूक करून तक्रार आली की ठरावीक तपासण्या आणि गरज वाटली तर लवकर बाळंतपण असं धोरण राबवलं, तर कळा आणणं आणि सिझर वाढलं पण पोटात बाळ दगावण्याचं प्रमाण म्हणावं तसं कमी झालं नाही. त्यामुळे हालचाल कमी म्हणून सरसकट सगळ्यांना इंड्यूस करा असं नाहीये, आणि ३९ आठवड्यांच्या आत तर नुसत्या एका तक्रारीवर, बाकी सगळं नीट असताना, घाई न केलेलीच बरी, कारण लवकर आलेल्या बाळांना श्वासाचा, दुधाचा, काविळीचा त्रास जास्त होतो.

पण स्नेहलची ती एकच तक्रार नव्हती. तिला म्हटलं आत जा, मागच्या आठवड्यातलं सांग, आणि विचार की बाळाची वाढ आधीच्या सोनोग्राफीच्या मानाने कशी आहे, पिशवीचं तोंड किती तयार आहे, थांबले तर काय काय तपासाल आणि कळा नाही आल्या तर किती वेळ वाट बघाल. डॉक्टरांनी दोन्ही सोनोग्राफ्या शेजारी ठेवल्या. वाढीच्या तक्त्यावर बत्तिसाव्या आठवड्यात मधोमध असलेलं बाळ आता खालच्या टोकाकडे सरकलं होतं, म्हणजे वाढ मंदावली होती. वजन तसं चालण्यासारखं होतं, पण त्यात दुसऱ्यांदा हालचाल कमी, मग त्यांनीच परवाचं नाव काढलं नाही. स्नेहल हो म्हणाली.

इंडक्शन म्हणजे सिझर ठरलेलंच असं समजू नका. अमेरिकेत २०१८ चाच अराइव्ह नावाचा अभ्यास आहे, धोका नसलेल्या पहिलटकरणींना ३९ व्या आठवड्यात इंड्यूस केलं तर १८.६ टक्के सिझर, वाट बघितली तर २२.२. अर्थात तिथली लेबर रूम आणि आपली यात फरक आहे, पण भीती थोडी कमी करायला हा अभ्यास उपयोगी पडतो. वेळ मात्र लागतो. संध्याकाळी पिशवीचं तोंड मऊ करायला जेल, मग दुसरं जेल, सकाळी सलाईनमधून औषध, आणि त्या कळा जोरात येतात म्हणून मशीन पोटाला लावूनच ठेवतात. बॅगेत चार्जर ठेवा आणि फोन करणाऱ्या नातेवाइकांना उद्या सांगतो म्हणा.

स्नेहलचं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिझर झालं. पिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडलं आणि बाळाचे ठोके परत परत कमी व्हायला लागले. मुलगी, दोन किलो चारशे, रडली लगेच. सासूबाईंनी ऐकवलंच, शेवटी सिझरच ना. आणि स्नेहलने टाके काढल्यावर मला विचारलं, थांबले असते तर नॉर्मल झालं असतं का?

माहीत नाही, मलाही नाही आणि डॉक्टरांनाही नाही, असं सांगितलं तिला. औषधाने आणलेल्या कळांमध्ये ठोके कमी होणारं बाळ आपोआप आलेल्या कळांमध्ये कसं वागलं असतं हे कोण सांगणार. एवढं म्हटलं की डिस्चार्ज कार्ड बघ, त्यावर इंड्यूस का केलं आणि सिझर का केलं ही दोन्ही कारणं लिहिली आहेत का, नसतील तर आत्ताच लिहून घे, कारण पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचा झाला तर डॉक्टर आधी तेच विचारतील. कार्डावर सिझरचं कारण होतं, पण हालचाल कमी झाली म्हणून इंड्यूस केलं हे नव्हतं. ते तिने लिहून घेतलं.