काका अंथरुणाला खिळलेत आणि मृत्युपत्र नाही

प्रश्न : माझे काका अविवाहित आहेत. यकृताचा आजार शेवटच्या टप्प्यात आहे, पण अजून शुद्ध चांगली आहे. आजी-आजोबा नाहीत, माझे वडीलही गेले. एक आत्या आहे, ती परगावी असते. काकांचं सगळं मीच बघते. स्वतःच्या कमाईतून घेतलेला फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी, दोन्हीकडे नॉमिनी मी आहे. ‘मग तुला कसली काळजी?’ असं सगळे म्हणतात. एटीएम कार्डही माझ्याकडेच असतं. मृत्युपत्र केलेलं नाही आणि तो विषय काढायला माझी जीभ रेटत नाही. काय करू?
– एक पुतणी

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ‘जीभ रेटत नाही’ या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. वारसाहक्काची प्रकरणं चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तरी माझ्या मामांच्या आजारपणात मीही तीन आठवडे गप्पच होते. एका दुपारी त्यांनीच उशीखालून कपाटाची किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, ‘अगं, विचार ना एकदाचं.’ त्यांना बोलायचं होतं. मीच वाट अडवून बसले होते.

तुम्ही हिंदू आहात असं धरून लिहिते, कारण इतर धर्मीयांचे वारसा कायदे वेगळे आहेत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक नॉमिनीच्या हाती पैसे देऊन आपल्या जबाबदारीतून मोकळी होते, पण ते पैसे शेवटी कोणाचे हे वारसा कायदाच ठरवतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. सोसायटीतल्या नामनिर्देशनानेही फ्लॅट तुमच्या मालकीचा होत नाही.

आता हा कायदा काय म्हणतो ते सांगते. वाचून वाईट वाटेल, पण आधी कळलेलं बरं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पुरुषाची संपत्ती आधी मुलं, पत्नी आणि आई यांच्याकडे जाते. ते कोणी नसतील आणि वडीलही नसतील, तर भावा-बहिणींचा क्रम लागतो. पुतणे-भाचे त्यांच्याही खाली येतात. वरच्या क्रमातलं एक जरी माणूस हयात असलं तरी खालच्यांना काही मिळत नाही. म्हणजे आज काका गेले तर सगळं आत्याचं. गेलेल्या भावाचा वाटा तुमच्याकडे येत नाही आणि सेवा कोणी केली हे कायदा विचारत नाही. मला हा नियम कठोर वाटतो, पण तो बदलायची ताकद एकट्या काकांच्या हातात आहे आणि तीही शुद्ध असेतोवरच.

म्हणून बोला. ‘माझ्या नावावर करा’ असं नको, ‘काका, तुमच्या मनात काय आहे ते लिहून ठेवू या का?’ एवढंच विचारा. ते ‘हो’ म्हणाले तर वकील बोलवा आणि तुम्ही खोलीबाहेर जा. हे मी कळकळीने सांगतेय. ज्याला लाभ होणार तोच मृत्युपत्र करण्यात पुढे पुढे करत असला, तर न्यायालय त्याकडे संशयाने बघतं. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. काकांची सही किंवा अंगठा हवा आणि तो बघणाऱ्या किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार तुमच्या घरचे नसावेत आणि वयाने काकांपेक्षा लहान असलेले बरे. उद्या साक्षीला कोण उभं राहणार? डॉक्टरांकडून त्याच दिवशी ‘रुग्ण पूर्ण शुद्धीत आहे, समजून-उमजून बोलतो आहे’ असा दाखला तारीख-वेळेसह घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण अशा प्रकरणात करावी. रुग्णाला हलवता येत नसेल तर अर्ज केल्यावर नोंदणी करणारे अधिकारी, म्हणजे दुय्यम निबंधक, घरीही येऊ शकतात.

काका ‘नको’ म्हणाले तर तो विषय तिथेच ठेवा. मालमत्ता त्यांची आहे.

एटीएमचं मात्र आजच मनावर घ्या. एक वही घाला : तारीख, रक्कम, कशासाठी, आणि पावती तिथेच चिकटवलेली. काका गेल्यावर त्या कार्डाला हात लावायचा नाही, अंत्यविधीच्या खर्चासाठीसुद्धा नाही. मुखत्यारपत्र केलंत तरी तेही माणसाबरोबर संपतं. सही करताना हात थरथरत असेल तर बँकेला तसं कळवा. अशा खातेदाराचा अंगठ्याचा ठसा बँक घेते आणि हाताचा जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचाही चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शुद्धच हरपली तर मृत्युपत्राचा प्रश्न संपला. मग उपचारांसाठी त्यांचे पैसे वापरायला त्यांच्या वतीने व्यवहार करणारा कायदेशीर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागू शकतं, आणि आजारी माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

आत्याला आजच फोन करा. वकील यायच्या आधी तिला भावाला भेटून जाऊ दे आणि ती वही तिच्यासमोर उघडी ठेवा.