गंधार बदलला की कॉर्ड बदलली

प्रश्न : हार्मोनियम बरीच वर्षं वाजवतो, आता कीबोर्डवर जॅझ शिकतोय. सी सेव्हन आणि एफ सेव्हन या दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दोन-दोन बार, म्हणजे आठ-आठ मात्रा, आलटूनपालटून चालू असताना खमाजचे सूर घेतो. पहिल्या कॉर्डवर जमतं, दुसरीवर खटकतं. दर कॉर्डला वेगळं स्केल पाठ करायचं का?
— एक वाचक, दादर

उत्तर : पाठांतर नको. पांढरी एक (कीबोर्डवरची सी) हा सा धरा. सी सेव्हन म्हणजे सा, ग, प, कोमल नी. एफ सेव्हन म्हणजे म, ध, सा, कोमल ग. पहिलीला खमाज थाट (थाट म्हणजे सात सुरांचा संच) चालतो, दुसरीला काफी. दोन्ही थाटांत फरक फक्त गंधाराचा, म्हणजे गचा : खमाजात शुद्ध, काफीत कोमल. तुमचा शुद्ध ग एफ सेव्हनमधल्या कोमल गला जाऊन घासतो, म्हणून खटकतं.

आधी डाव्या हाताने दोनच सूर धरा : ग आणि कोमल नी. कॉर्ड बदलली की दोन्ही बोटं अर्ध्या सुराने खाली, कोमल ग आणि ध. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ८० मात्रांवर, दर कॉर्डला आठ मात्रा. उजव्या हाताने समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, नुसता गंधार लावा (सी सेव्हनला शुद्ध, एफ सेव्हनला कोमल), बाकी सात मात्रा गप्प. हे कंटाळवाणं आहे, पण कान इथेच तयार होतो.

मग गंधाराकडे येणारी वाट बांधा. सी सेव्हनच्या शेवटच्या चार मात्रांत कोमल नी, प, ग, रे आणि समेवर कोमल ग. परतताना प, म, रे, कोमल ग आणि समेवर शुद्ध ग. बहुतेकांचा घोटाळा असा की ते कॉर्ड बदलल्याचं ऐकून मग सूर शोधतात, तोवर एक मात्रा गेलेली असते. तयारी आठव्या मात्रेपर्यंत व्हायला हवी.

हार्मोनियमवाल्यांची आणखी एक सवय नडते. खमाज रागात आरोहात शुद्ध नी येतो, तो बोटांतून आपसूक निघतो. सी सेव्हनवर त्यावर थांबलात तर कोमल नीशी भांडण. कोमल नीकडून वरच्या साकडे जाताना दोन मात्रांच्या मध्ये निसटता लागला तर मात्र छान वाटतो. जॅझवाले तो मुद्दाम घेतात. थाट घ्या, रागाचे नियम पेटीजवळच राहू द्या.

तानपुरा बंद ठेवा. सा दोन्ही कॉर्डमध्ये आहे, बेसूर होणार नाही. पण सतत सा वाजत राहिला की एफ सेव्हनला मध्यम हाच पाया झाल्याचं कानाला कळत नाही.

दादर-चर्चगेट लोकलमध्ये कानात या दोन कॉर्डचा ट्रॅक लावून दोन गंधार गुणगुणत जा. गळ्यातून आलेला गंधार बोटांनाही लवकर सापडतो.