टोचनाच्या ट्रकचा गिअरबॉक्स: दुसऱ्या गिअरपुरते काम करावे की पूर्ण बांधून घ्यावा?

प्रश्न : कात्रज बोगद्याजवळ माझा टोचनाचा ट्रक उभा असतो. गाडी 2014 ची असून कर्ज फिटले आहे. चढावर दुसरा गिअर निसटतो आणि टॉप सोडून सगळ्या गिअरमध्ये घरघर येते. दुसऱ्या गिअरचे काम 42,000 रुपयांत चार दिवसांत होईल. पूर्ण गिअरबॉक्स बांधायला 1,15,000 रुपये आणि नऊ दिवस लागतील, असे मिस्त्री म्हणतो. बँकेत 1,40,000 रुपये आहेत, त्यातून जुलैत मुलीची 80,000 रुपये फी भरायची आहे. ओळखीचे एकजण शेकडा दोनने पैसे देतात. गाडी अजून तीन वर्षे चालवायची आहे.

उत्तर : आपण कळवल्याप्रमाणे गाडीचा सर्व खर्च वजा जाता महिन्याला 62,000 रुपये उरतात, म्हणजे 26 दिवसांच्या कामाने रोजचे सुमारे 2,400. गाडी उभी राहण्याचे हे नुकसान धरले, तर छोटे काम 51,600 रुपयांना आणि मोठे 1,36,600 रुपयांना पडते. मात्र छोटे काम करूनही गिअरबॉक्स पुन्हा बसला, म्हणजे निकामी झाला, तर दोन्ही मिळून 1,88,200 रुपये जातील. या आकड्यांवरून, तीन वर्षांत तो पुन्हा बसण्याची शक्यता शंभरात 62 पेक्षा कमी असेल तरच छोटे काम परवडते.

ती शक्यता आपल्याच पत्रातील एका वाक्यावरून मला बरीच जास्त वाटते. टॉप गिअर डायरेक्ट असेल, तर इंजिनाचा जोर काउंटर शाफ्टवरून (गिअरबॉक्समधल्या बाजूच्या दांड्यावरून) न जाता सरळ मेन शाफ्टला (चाकांकडे जोर नेणाऱ्या मुख्य दांड्याला) मिळतो. इतर गिअरमध्ये तो काउंटर शाफ्टवरूनच जातो. म्हणून टॉपमध्ये थांबणारी घरघर काउंटर शाफ्टच्या बेअरिंगचा संशय निर्माण करते, आणि दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी पितळी कडी) बदलून ती जाणार नाही. शिवाय मागे दुसऱ्या गाडीचे वजन घेऊन घाट चढणाऱ्या ट्रकच्या बेअरिंगवर ताण सतत जास्तच असतो. गाडी ओढून घेणाऱ्या विंचचा पीटीओ (इंजिनाचा जोर विंचला देणारी जोडणी) याच गिअरबॉक्सवर असेल, तर गिअरबॉक्स बसला की गाडीही थांबते आणि विंचही.

माझा कल पूर्ण कामाकडे आहे, पण शेवटचा शब्द गिअरबॉक्स उतरवल्यावर द्यावा. उतरवण्याची मजुरी दोन्ही कामांत लागणारच आहे. तेलात पोलादाचा चुरा किंवा दातांवर खड्डे दिसले, तर पूर्ण बांधून घ्या. नुसती पितळी भुकटी असेल आणि बेअरिंग शाबूत असतील, तर छोटे काम पुरेल. क्लच प्लेटही तेव्हाच पाहून घ्या, म्हणजे तिच्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागणार नाही.

पैशांबाबत मात्र मी ठाम आहे. फीच्या 80,000 रुपयांना हात लावू नका. उरलेले 60,000 बँकेतून घ्या आणि 55,000 रुपयांसाठी बँकेचे सोनेतारण कर्ज काढा. शेकडा दोन म्हणजे वर्षाला 24 टक्के, आणि सोनेतारण त्याहून स्वस्त पडते. घरखर्चाचे 38,000 जाऊन आपल्याकडे महिन्याला 24,000 शिल्लक राहतात, त्यामुळे गाडी पुन्हा रस्त्यावर आल्यापासून तीन महिन्यांत हे कर्ज फिटू शकेल. विम्याकडून यात काही मिळेल अशी आशा धरू नका, कारण झीज आणि यांत्रिक बिघाड वाहन विम्यात बसत नाहीत. पक्के बिल घ्या, आणि हमी लिहून घेताना ट्रक टोचनासाठी वापरला जातो हे तीत स्पष्ट नमूद करून घ्या, म्हणजे पुढे त्याच कारणावरून ती नाकारली जाणार नाही.